गिटारचा नेक चिकटतो: चकाकी किती आणि कशाने घासायची?

सहातारी_नागपूर

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गिटार आहे. मेपलचा नेक (गिटारची लांब मान), बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेला, मागच्या बाजूला झगझगीत ग्लॉस फिनिश. थंडीत काही तक्रार नसते. उन्हाळा लागला की अंगठा जागीच अडकून राहतो. पहिल्या फ्रेटवरून (नेकवरची धातूची आडवी पट्टी) सातव्याकडे जाताना कातडी ओढली जाते, आणि पावसाळ्यातही तेच. टाल्कम पावडर लावली की थोडा वेळ बरं वाटतं, मग घामात तिचाच लगदा होतो.

कोणी स्टील वूल सांगतं, कोणी २००० नंबरचा वॉटर पेपर, कोणी तर भांड्यांची हिरवी घासणी. नक्की काय वापरावं? नेकचा रंग किंचित पिवळसर आहे. तो लाकडाचा की लॅकरचा हे कळत नाही, म्हणून घासायला हात धजावत नाही. आणि सगळं फिनिश काढून नुसतं तेल लावलं तर कसं? सामान नागपुरात मिळेल असंच सांगा.

रंधा_आणि_पेपर

भाऊ, पेपर हातात घ्यायच्या आधी नेक नीट धुऊन काढा, म्हणजे पुसून. घाम, कातडीचं तेल आणि तुमची ती पावडर यांचा थर साचला की कुठलंही फिनिश चिकटतं. पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, त्यात सुती कापड भिजवून घट्ट पिळायचं, पुसायचं, लगेच कोरड्या कापडाने टिपायचं. त्यानंतर लायटरमध्ये भरायचं फ्लुइड, म्हणजे नॅप्था, कापडावर घेऊन एक हात. मेण आणि तेलकटपणा त्याने निघतो, पॉली (प्लास्टिकसारखा कडक थर) किंवा नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकर) फिनिशला धक्का लागत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस आणि देवघरातला दिवा लांब असू द्या. एवढं करून वाजवून बघा. कधी कधी काम इथेच संपतं.

तरी चिकटत असेल तर फिनिश कोणतं ते ओळखा. तारा सैल करून स्क्रू काढा आणि नेक बॉडीपासून वेगळा करा. पॉकेटमध्ये, म्हणजे बॉडीतल्या खाचेत, लपणाऱ्या भागावर, जिथे फिनिश पोचलेलं असेल तिथे, कापसाच्या काडीने थोडं स्पिरिट लावा. काही सेकंदांत मऊ पडलं तर चपडा (लाखेचं) पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही आणि एनसी थिनरने (नायट्रो लॅकरचा थिनर) चिकट झालं, तर नायट्रो किंवा ॲक्रिलिक लॅकर. दोन्हींनी ढिम्म हाललं नाही तर पॉलियुरेथेन नाहीतर पॉलिएस्टर. आजकालच्या बहुतेक कारखानी गिटारांवर हेच असतं. थिनरची काडी प्लास्टिक बाइंडिंगला (कडेची शोभेची पट्टी) किंवा पुढे दिसणाऱ्या भागाला लावू नका, बाइंडिंग विरघळतं.

पिवळेपणाचं उत्तरही तिथेच सापडेल. टाचेच्या, म्हणजे नेकच्या बॉडीकडच्या भागाच्या, टोकाला सहसा कोरं लाकूड दिसतं. ते पांढरट असेल आणि बाकी नेक पिवळा, तर रंग लॅकरमध्ये आहे. मग फार घासलं की फिकट चट्टे पडतात आणि ते जुळवणं अवघड जातं.

आता पेपरचा नंबर. गुळगुळीत चकचकीत पृष्ठभागावर ओलसर कातडी पूर्ण टेकते, मध्ये हवाच राहत नाही, म्हणून ती धरते. बारीक ओरखडे पाडले की टेकणारं क्षेत्र कमी होतं आणि घामाला जागा मिळते. तुम्हाला हवेत ते ६०० ते १००० नंबरच्या दरम्यानचे ओरखडे. २००० म्हणजे पॉलिशिंगच्या दिशेने प्रवास. त्याने नेक दिसायला सुंदर होईल आणि अंगठा पुन्हा चिकटेल.

मी राखाडी स्कॉच-ब्राइट पॅड सुचवीन, नंबर ७४४८. ते साधारण ६०० ते ८०० पेपरसारखं कापतं. मरून रंगाचं, ७४४७, त्याहून खरखरीत असतं, ते नको. भांड्यांची हिरवी घासणी अजिबात नको, तिचे ओरखडे खोल जातात आणि सारखे नसतात. राखाडी पॅड गाड्या रंगवणाऱ्यांकडे रोजच्या वापरातलं असतं, त्यामुळे ऑटो पेंटच्या दुकानात विचारा. इतवारीतल्या रंगाच्या दुकानांतही पाहा. पेपरच वापरायचा असेल तर सिलिकॉन कार्बाइडचा काळा वॉटर पेपर घ्या, आधी ८०० आणि मग १०००. सुताराचा पिवळा-तपकिरी पॉलिश पेपर यासाठी नाही.

काम असं. फ्रेटबोर्डच्या (नेकची फ्रेट बसवलेली पुढची बाजू) दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून कड नखाने दाबून घ्या. एक टेप नटच्या (तारा टेकतात ती वरची पट्टी) मागे, जिथे नेक हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे, वळतो तिथे, आणि एक टाचेच्या वळणाआधी. नेक गुंडाळलेल्या टॉवेलवर पालथा ठेवा. पॅड तळहातात धरा, बोटांच्या टोकांनी दाबू नका. या टेपपासून त्या टेपपर्यंत लांब, सरळ, एकसारखे हात. गोल गोल फिरवायचं नाही आणि मध्येच थांबायचं नाही, कारण थांबलात तिथे ठिपका दिसतो. मागे लाकडी ठोकळाही लावू नका, गोल नेकवर सपाट पट्टे पडतात. वीसेक हात झाले की धूळ पुसा आणि नेक ट्यूबलाइटखाली तिरका धरून बघा. चमकणारी बेटं दिसतील, बहुतेक मधल्या कण्यावर नसून दोन्ही खांद्यांवर, कारण हाताचा दाब आपोआप मध्ये जातो. तेवढ्याच जागी आणखी चार-पाच हात.

धुळीवर सतत लक्ष ठेवा. पारदर्शक पॉलीची धूळ पांढरी आणि पिठूळ असते. धुळीला पिवळी झाक आली तर रंगाच्या थरात शिरलात, तिथेच थांबा. शंका आली तर ओलं बोट लावा. फिनिश शाबूत असेल तर पाणी नुसतं वर राहतं, लाकूड उघडं पडलं असेल तर ती जागा गडद होते. सगळ्यात आधी फिनिश जातं ते फ्रेटबोर्डलगतच्या कडेला, म्हणून तिथे हात हलका.

टेपपाशी सरळ रेघ ठेवायची की चकाकी हळूहळू विरत न्यायची, हा आवडीचा भाग. मला सरळ रेघ बरी वाटते. विरवलेला भाग काही महिन्यांत मळकट दिसायला लागतो.

शेवटी नुसतं पुसलं तरी चालतं. हवं तर कार्नोबा पेस्ट वॅक्स अगदी नखभर, आणि पूर्ण पुसून काढायचं. सिलिकॉनवाला फर्निचर स्प्रे मारू नका. पुढे कधी लॅकर मारायची वेळ आली तर त्यावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. आणि हे काम कायमचं नसतं. वाजवून वाजवून हातच नेकला पॉलिश करतात, चकाकी परत येते, मग पुन्हा पॅडचे पाच-दहा हात. पॉलीचा थर त्याला पुरून उरतो. नायट्रो पातळ असतं, तिथे जपून.

टोन_नॉब

वरचं सगळं मान्य, फक्त स्टील वूलला सरसकट नाही म्हणू नये. ०००० ग्रेडचं खरं वूल मिळालं तर त्याची झाक राखाडी पॅडपेक्षा मऊ येते. अट एकच, लोखंडाचा चुरा पिकअपपाशी (तारांखालचं, चुंबक आणि तारेची कॉइल असलेलं आवाज पकडायचं यंत्र) जाता कामा नये. पिकअपच्या चुंबकावर तो एकदा बसला की पुसून निघत नाही, कॉइलपर्यंत गेला तर शॉर्ट व्हायची भीती. तुमचा नेक स्क्रूवाला आहे, तेव्हा तो काढून दुसऱ्या खोलीत काम करा आणि बॉडी पिशवीत गुंडाळून ठेवा. चुरा गोळा करायला प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून फिरवा, मग पिशवी उलटी करून फेकून द्या. ओलं काम करताना वूल वापरू नका. चुरा लाकडाच्या छिद्रांत राहिला तर तो गंजून काळे ठिपके पडतात. भांड्यांची तारेची घासणी म्हणजे ०००० नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

नेक परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. टक् करून खाली बसला की जुन्या आट्यात आला, मग सरळ फिरवून आवळा. हातच्या स्क्रूड्रायव्हरने, ड्रिलने नाही. नवे आटे पडले की लाकूड भुगा होतं आणि स्क्रू धरत नाही. तारा चढवून ट्यून केल्यावर एका दिवसाने नेकचा बाक तपासा.

जवस_नको

तेलाच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहून राहिलो.

तेल लावलेल्या नेकचा स्पर्श सगळ्यात चांगला, यात वाद नाही. व्हायोलिनवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. बॉडीला आणि वरच्या गुंडाळीला वार्निश, पण हात फिरतो ती मान जवळपास कोरी, फार तर तेलाचा किंवा चपड्याचा पातळ हात. तेव्हा कल्पना चुकीची नाही. अडचण दोन ठिकाणी येते.

एक, पॉलिएस्टर निघता निघत नाही. पेंट रिमूव्हर त्यावर फारसा चालत नाही, घासून काढायला गेलात तर नेकचा आकार बदलतो. दोन, आपली हवा. मेमध्ये दुपारी पारा पंचेचाळीसकडे आणि हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास, जुलै-ऑगस्टमध्ये तीच ऐंशीच्या पुढे. कोरं किंवा नुसतं तेल प्यायलेलं मेपल या चढउतारासोबत पॉलीखालच्या मेपलपेक्षा जास्त हलतं. ट्रस रॉडला (नेकच्या आतली, बाक नीट करायची सळई) वर्षातून दोनदा चावी लावायची तयारी असेल तर करा. शिवाय घामाने तेलाचा नेक करडा पडतो आणि वर्षाकाठी पुन्हा तेल मागतो.

करायचंच तर कोऱ्या लाकडावर २२०, ३२०, ४०० असा क्रम. मग ओल्या फडक्याने पुसायचं, तंतू उभे राहतात. पूर्ण वाळलं की ४०० ने अगदी हलके चार हात. हे ओलं-कोरडं दोनदा करा. नाहीतर पहिल्याच घामाला नेक खरखरीत होईल. त्यावर टंग ऑइल किंवा डॅनिश ऑइल, थोडं लावून दहा-पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढायचं. जाड थर कधीच नाही. कोरड्या हवेत दोन हातांमध्ये एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. तीन-चार हात पुरतात.

घाणीवरचं जवसाचं तेल लावू नका. आपल्याकडे ते सहज मिळतं म्हणून मोह होतो. कच्चं जवस वाळायला आठवडे घेतं आणि तोवर चिकटच राहतं, म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप तेच पदरात. खोबरेल तर कधीच वाळत नाही.

आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवस, टंग, डॅनिश ही तेलं वाळताना उष्णता सोडतात, बोळा केला की ती आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच. दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा, मग फेका.

कोणी तेलाऐवजी सॅटिन एनसी लॅकर मारायचं म्हणेल. पावसाळ्यात मारलं तर बाष्प आत अडकून पांढरं धुकं येतं. मेच्या दुपारी मारलं तर थिनर वाटेतच उडतो आणि थर खरखरीत बसतो. नागपुरात फवारणीचे दिवस म्हणजे दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत.

सहातारी_नागपूर

सगळ्यांचे आभार. साबण आणि नॅप्थाने पुसलं, कापड काळं झालं, चिकटपणा निम्मा गेला. स्पिरिट आणि थिनर दोन्हींनी फरक नाही, म्हणजे पॉली. टाचेचं लाकूड पांढरट निघालं, तेव्हा पिवळा रंग लॅकरमध्येच. तेलाचा बेत रद्द.

एक नवीन गोष्ट लक्षात आली. पहिल्या पोझिशनमध्ये तर्जनीच्या बुडाला काहीतरी टोचतं, नेकच्या कडेला. फिनिश तडकलंय का?

रंधा_आणि_पेपर

फिनिश नाही, फ्रेटची टोकं. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड रुंदीत आकसतो, धातू तेवढाच राहतो, मग टोकं बाहेर येतात. नख कडेवरून वरून खाली ओढा, प्रत्येक फ्रेटला अडकेल. पॉली नेकवर त्या जागी फिनिशला बारीक चीरही दिसू शकते.

काही जण सांगतील की आर्द्रता वाढवा, टोकं आत जातील. जातील, पण पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बाहेर. गिटार नागपुरातच राहणार असेल तर टोकं उन्हाळ्यातच, म्हणजे जास्तीत जास्त बाहेर असताना घासून घ्यावीत. फ्रेटबोर्डच्या लाकडाला टेप, बारीक दाताची छोटी सपाट कानस कडेला समांतर धरून टोक लाकडाच्या पातळीला आणायचं, मग दोन्ही कोपरे तिरक्या हाताने किंचित मोडायचे. शेवटी ६०० पेपर. एकेका टोकाला चार-सहा हात लागतात, जास्त नाही. कानस फिनिशला लागली तर पांढरा ओरखडा उठतो, म्हणून घाई नको.

आणि कूलरच्या झोतासमोर गिटार ठेवू नका. कूलर चालू असताना खोली दमट, बंद केला की काही तासांत पुन्हा कोरडी. रोजचा हा खेळ सततच्या कोरडेपणाइतकाच वाईट. न वाजवताना केसमध्ये.

पिवळ्या रंगाबद्दल: पेपर नको, फक्त राखाडी पॅड. वीस-पंचवीस हात, मग थांबून वाजवा. दिसायला थोडी चमक राहिली तरी राहू द्या, अंगठ्याला कळतं ते पुरे.

पडदे_आणि_तरफा

मधेच घुसतो. सतारीच्या दांडीलाही हेच चालेल का? विद्यार्थ्यांच्या दोन-तीन सतारींवर उन्हाळ्यात अंगठ्याच्या जागी पॉलिश चिकट होतं.

जवस_नको

गिटारचा नुस्खा जसाच्या तसा नको. जुन्या पद्धतीच्या सतारींना, तंबोऱ्यांना चपड्याचं पॉलिश असतं आणि बऱ्याचदा रंगही त्या पॉलिशमध्येच मिसळलेला असतो. घासलं की दांडीवर फिकट पट्टा उमटतो. वॉटर पेपर पाण्यासोबत तर मुळीच नको, चपडा पाण्याने पांढरा पडतो. आधी स्पिरिटची काडी लावून बघा, तुंब्याजवळ न दिसणाऱ्या जागी. हल्ली पुष्कळ सतारींवर मेलामाइन किंवा लॅकर असतं, मग गोष्ट वेगळी.

चपडा उष्णतेने आणि घामाने मऊ होतो. त्याहून मोठा शत्रू म्हणजे हाताचा सॅनिटायझर. त्यात अल्कोहोल असतं आणि चपडा अल्कोहोलमध्येच विरघळतो. विद्यार्थी सॅनिटायझर लावून हात न वाळवता सतार घेत असतील, तर चिकटपणाचं कारण शोधायला लांब जावं लागणार नाही. साबणाने हात धुवायला सांगा.

दुरुस्ती करायची तर चिकट जागा कोरड्या राखाडी पॅडने अगदी हलकी मारा, नुसती झाक जाईपर्यंत. मग सुती कापडात कापूस घालून केलेल्या पुरचुंडीने पातळ चपडा, एकावर एक हलके हात, दोन हातांमध्ये वाळू देऊन. पूर्ण कडक व्हायला काही दिवस द्या. पावसाळ्यात हे काम काढू नका.

अडचण पडद्यांच्या, म्हणजे सतारीच्या फ्रेटच्या, धाग्यांची. ते दांडीच्या मागून गुंडाळलेले असतात, त्यामुळे गिटारसारखे लांब हात मारता येत नाहीत. धागे कापू नका. प्रत्येक पडद्याची जागा दांडीच्या कडेला कागदी टेपच्या तुकड्यावर लिहून ठेवा, एकेक पडदा बाजूला सरकवून तेवढीच मोकळी जागा करा, मग परत जागेवर आणून सुरात लावा.

आणि दांडीच्या मागे मेण लावू नका. गिटारला चालतं, इथे नाही. पडदा जागेवर राहतो तो धागा आणि दांडी यांच्या घर्षणावर. मेण लागलं की जोरात मींड घेताना (तार ओढून सूर चढवताना) पडदा सरकतो आणि सूर हलतो.

सहातारी_नागपूर

पॅड मिळालं. उद्या सकाळी करतो. मास्किंग टेप आज रात्रीच लावून ठेवली तर?

टोन_नॉब

नको. या गरमीत टेपचा गोंद रात्रभरात मऊ होऊन फिनिशवर उतरतो. सकाळी लावा, काम झाल्या झाल्या काढा. वर उचलून ओढू नका, टेप स्वतःवरच दुमडून हळू मागे न्या. गोंद राहिलाच तर तेच नॅप्था.